म्हशीच्या बुरुजावरचं कुंकू

मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये एक म्हैस होती. चार फूट लांब, लाकडाची, अर्धवट. खरी म्हैस लोखंडाची होती आणि तिकडे हॉलंडमध्ये एका धक्क्याला बांधलेली होती. तिच्याबद्दल मी पुढे इतकं ऐकलं की माझ्या शाळेतला वर्ग मला आता आठवत नाही, पण तिच्यात जेवणाचं टेबल कुठे होतं आणि शेगडी कुठे होती हे मी झोपेतही सांगेन.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नवऱ्याला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्या मागून मुलीला घेऊन गेले. माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी आठ वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. उभ्याने बोर्डवर काम करायचं, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघा ओढायच्या, आणि शाई सांडली तर दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन हलक्या हाताने ती खरवडून काढायची. खरवडल्याची खूण नखाने घासून अशी मिटवायची की साहेबाला कळताही कामा नये. यात माझा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. ट्रॉयला मात्र मी सकाळी मुलीला स्कूलबसमध्ये बसवायची, पोळ्या करायची आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघायची. माझा स्वभाव मुळात तापट. बसून राहिले की तो नासतो.

“अगं, बोर्डवर आता कोण काढतंय?” नवरा म्हणायचा. “सगळं कॉम्प्युटरवर, कॅडवर शिफ्ट झालंय. तू कॅडचा कोर्स कर ना, पुढेमागे व्हिसा चेंज झाला तर यूज होईल.”

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एका एप्रिलमध्ये पोस्टमनने शेजाऱ्यांचं एक जाड पाकीट आमच्या पेटीत टाकलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगी ग्रँड रॅपिड्सला. मूळचे डच, पण चाळीस वर्षं मिशिगनमध्ये काढलेली, त्यातली बहुतेक डेट्रॉइटच्या एका टूलरूममध्ये. आमची मुलगी त्यांना काका म्हणायची, म्हणून आमच्या घरात ते काकाच झाले. मी पाकीट द्यायला गेले तर गॅरेजचं दार वर केलेलं होतं आणि काका एका लांबलचक बाकापाशी भिंग घेऊन वाकले होते. बाकावर ती होती. भिंतीला टेकून छोटा लेथ, कानशी, पकडी, सगळं जागच्या जागी. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास आला. तो माझ्या वडिलांच्या शर्टाचा वास होता.

वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. तेही आयुष्यभर लेथवरच उभे राहिले.

काकांनी पाकीट फोडलं. आत म्हशीच्या नकाशांच्या झेरॉक्स होत्या. तिकडच्या एका संग्रहालयाने पाठवलेल्या. त्यांनी त्या बाकावर पसरल्या आणि जुन्यांच्या शेजारी लावल्या. मी उलट बाजूला उभी होते, म्हणजे मला सगळं उलटं दिसत होतं. उलटं ड्रॉइंग वाचायची सवय आम्हाला असतेच, साहेब समोर बसलेला असतो ना. मी बघत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, “हा बुरूज वरून बघितला की मोठा आहे आणि बाजूने बघितला की लहान.”

काकांनी कंपास काढला, एका कागदावर बुरुजाची रुंदी घेतली, दुसऱ्यावर ठेवून पाहिली. मग खुर्चीत बसले. झेरॉक्स काढणाऱ्याने प्रत्येक कागद मशीनमध्ये मावेल तसा कमी-जास्त केला होता. दोन वर्षं त्यांचा बुरूज आपल्या खाचेत बसत नव्हता आणि ते दोन वर्षं स्वतःच्या हातांना शिव्या देत होते.

“तुम्हाला हे कसं दिसलं?” त्यांनी विचारलं.

“माझं कामच होतं ते,” मी म्हणाले. ‘होतं’ म्हणताना आवाज जरा चिरकला, हे मला आजही आठवतं आणि आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागले. सुटकेसच्या तळाशी माझी पेनं होती, सेटस्क्वेअर होते, कागदात गुंडाळलेली अर्धी ब्लेडं होती. मी सगळे नकाशे एका मापात पुन्हा काढायचं कबूल केलं. नवरा घाबरला. “हे वर्क समजलं जाईल का गं? व्हिसाचा प्रॉब्लेम नको व्हायला.” मी म्हटलं, हा शेजारधर्म आहे, तुझ्या इमिग्रेशनवाल्यांना शेजारधर्माचा फॉर्म असेल तर आण, भरते.

ती म्हैस म्हणजे एक युद्धनौका होती. एकोणिसाव्या शतकात, बोटींना लोखंडी चिलखत चढवायची नवी टूम निघाली तेव्हा डच नौदलानेही अशा बोटी घेतल्या आणि त्यांना जनावरांची नावं दिली. वाघ, मगर, तरस, विंचू, आणि ही म्हैस. मला हसू फुटलं. काकांना वाटलं मी त्यांच्या उच्चाराला हसते आहे. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे म्हैस दूध देते, लढत नाही. “ही पण नाही लढली,” ते म्हणाले. “एकदाही नाही.”

पुढच्या टोकाला पाण्याखाली शत्रूला धडक मारायचं जाड नाक, मध्ये एक गोल बुरूज, त्यात दोन तोफा, आणि तो बुरूज तोफांसकट फिरायचा. ग्लासगोला बांधलेली. बंदराची राखण करायला म्हणून आणली आणि ती राखण करत बसली. शत्रू काही आला नाही. तीसेक वर्षांत तिच्याहून वेगवान, तिच्याहून जाड चिलखताच्या बोटी आल्या आणि ही जुनी झाली. मोडीत मात्र काढली नाही. तोफा उतरवल्या, इंजिन काढलं, डेकवर छप्पर घातलं आणि नव्या खलाशांना राहायला दिली. लढाऊ म्हणून जेवढी जगली त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं ती खलाशांची धर्मशाळा म्हणून जगली. काका महायुद्ध संपल्यावर नौदलात भरती झाले ते थेट तिच्याच पोटात.

मला ही तिची दुसरी कारकीर्द जास्त आवडायची. काका एकीकडे कानस मारत सांगायचे आणि मी बोर्डवर वाकून ऐकायची. थंडीत लोखंडाला आतून घाम सुटायचा आणि झोपलेल्यांच्या तोंडावर ठिबकायचा. वाटाण्याच्या घट्ट सूपचा वास पडद्यांत, कपड्यांत, वह्यांत, सगळीकडे. रविवारी गावातल्या मुली धक्क्यावरून विचारायच्या, तुमची बोट कुठे निघाली? आणि ही पोरं म्हणायची, उद्या सकाळी दक्षिण अमेरिकेला. ती बोट तर धक्क्याला साखळीने बांधलेली. सांगताना काका इतके हसायचे की कानस खाली ठेवावी लागायची.

एक गोष्ट त्यांनी हसत सांगितली नाही. त्यांची तुकडी पूर्वेला, जावाकडे लढायला निघाली, त्याच आठवड्यात त्यांना काविळीने धरलं. तुकडी त्यांच्याशिवाय गेली. त्यांच्या टेबलावर जेवणारे आठ जण गेले, परत आले पाच. तुकडी गेल्यावर तीन महिने काका त्या रिकाम्या टेबलावर एकटे जेवले.

“सगळे मला विचारतात, लढाईत नसलेल्या बोटीचं मॉडेल कशाला?” ते म्हणाले. “मी तिला म्हातारी झाल्यावर पाहिलं. डोक्यावर छप्पर, तोफा नाहीत. मला ती एकदा तरुण पाहायची आहे. डोळे आहेत तोवर.”

डोळे जात होते. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग होता आणि तो वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. पुढच्या मे महिन्यात त्या पाचांपैकी उरलेले तिघे हॉलंडला एकत्र भेटणार होते, काका धरून चार. त्यांना म्हैस तिथे न्यायची होती. तिघांच्या पुढ्यात ठेवायची होती. बास, एवढीच इच्छा होती त्या माणसाची, आणि ती माझीही कधी झाली ते मला कळलं नाही.

उन्हाळाभर आम्ही काम केलं. बुरूज नवा केला, तो खाचेत बसला, बोटाने ढकलला की फिरला. त्या दिवशी काकांनी मला लेमोनेड दिलं आणि आमच्या मुलीला तो बुरूज वीस वेळा फिरवू दिला. मॉडेलच्या तळाला लावायला त्यांनी एक काळपट लाकडाचा तुकडा जपून ठेवला होता. खऱ्या म्हशीची दुरुस्ती चालू असताना तिच्या चिलखतामागून निघालेलं लाकूड कोणी मित्राने पाठवलं होतं. ते ओक असावं असं काकांना वाटत होतं. मी कडेला जरा तासलं, नाकाशी नेलं, आणि म्हटलं, “सागवान!” आमच्या देव्हाऱ्याला तोच वास होता. काकांनी पुस्तकं काढून खात्री करून घेतली. लोखंडाच्या पत्र्यामागे खरंच सागाच्या फळ्या होत्या. तेव्हापासून ते मला भलतीच मोठी तज्ज्ञ समजायला लागले.

सप्टेंबरात ते बुरुजाच्या खिळ्यांना लागले. पांढऱ्या गोंदाचा टिपूस सुईच्या टोकावर घ्यायचा आणि पत्र्यावर ठेवायचा. वाळला की तो खिळ्याचं डोकं दिसतो. असे शेकडो खिळे. समोरचं दिसत नसल्यामुळे ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून एकेक ठेवत. दिवसाला वीस झाले की थकत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खिळे संपले, काकांनी वर फिकट रंगाचा हात दिला आणि मुलीकडे चार दिवस जायला निघाले. किल्ली माझ्याकडे दिली. “हीटर चालू ठेवा, रंग वाळायला पाहिजे. आणि बुरुजाला हात लावू नका.”

मी हात लावला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. माझ्या माहेरी दसऱ्याहून नवमीचा थाट मोठा. त्या दिवशी कारखान्यात मशीन बंद. वडील नवा शर्ट घालून आम्हाला घेऊन जायचे. लेथला झेंडूची माळ, पान्यांना, कानशींना, मायक्रोमीटरलासुद्धा हळदकुंकू. आणि जे काम लेथवर चढलेलं असेल, अर्धवट का असेना, त्यालाही एक बोट. वडील म्हणायचे, आज यांना राबवायचं नाही, आज यांचे आभार मानायचे. मला अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडे नवमी करण्यासारखं काहीतरी आहे. मी काकांची हत्यारं पुसली, मांडली. झेंडू त्यांच्याच अंगणात होते, थंडीने काळवंडण्याआधीचे शेवटचे. नारळ इंडियन स्टोअरमधला. माझ्या पेनांना कुंकू लावलं, लेथला लावलं, प्रत्येक कानशीच्या मुठीला लावलं. मग म्हशीकडे वळले. शेवटी ती युद्धनौका होती, शस्त्रच की. देवीने महिषासुराला मारलं त्याच नवरात्रात मी म्हशीची पूजा करते आहे, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही. ओल्या कुंकवाचं बोट मी बुरुजाला टेकवलं आणि हात जोडले.

संध्याकाळी हीटर बघायला गेले तर बुरुजावर रुपयाएवढा गुलाबी डाग पसरलेला. रंग आत ओला होता आणि कुंकू त्यात मुरलं होतं. घरी येऊन मी तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंना फोन केला. त्या पंचवीस वर्षं अमेरिकेत होत्या आणि त्यांना कुठल्याही डागावर उपाय ठाऊक असायचा.

“अगं, त्यात काय! खोबरेल लाव थोडं, लगेच सुटतं. माझ्या सिल्कच्या साडीवरचं गेलं होतं. ट्राय तर कर.”

डाग युद्धनौकेवर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. खोबरेल लावलं आणि डाग तळहाताएवढा झाला.

मग माझ्या हाताने तेच केलं जे तो आठ वर्षं करत आला होता. मी अर्धं ब्लेड काढलं आणि हलक्या हाताने खरवडायला लागले. अतिशय सफाईने, अतिशय हलक्या हाताने. रंग निघाला, डाग निघाला, नखाने घासून जागा गुळगुळीत केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती जागा गुळगुळीत असायला नको होती. तीन ओळींतले खिळे नाहीसे झाले होते. मान तिरकी करून करून ठेवलेले, दिवसाला वीस. मी तिथेच स्टुलावर बसले आणि ढसढसा रडले.

नवरा आला, बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. “यार, हे काय केलंस? इथे लोक छोट्या छोट्या गोष्टींवरून कोर्टात स्यू करतात.” मग जरा वेळाने, माझ्यावरच्या मायेने म्हणाला, “हे बघ, त्यांना नीट दिसत नाही ना आता? पेंट टचअप कर. कशाला सांगतेस?”

मी टचअप केलं. हे लिहिताना मला अजून स्वतःचा राग येतो. रंग इतका बेमालूम जुळवला की मलाही जागा ओळखू येईना. काका आले तेव्हा मी दारात उभी राहून प्रवास कसा झाला वगैरे विचारत होते. ते बाकापाशी गेले. बघितलंच नाही त्यांनी. बुरुजावर बोट ठेवलं आणि आंधळा माणूस भिंतीवरून हात नेतो तसं ते हळूहळू फिरवत नेलं. एका जागी बोट थांबलं, मागे आलं, परत पुढे गेलं.

“इथे तीन ओळी नाहीत,” ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. कुंकू, तेल, ब्लेड, टचअप, सगळं एका दमात, निम्मं मराठीत. ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. “घरी जा,” एवढंच म्हणाले, आणि गॅरेजचं दार खाली आलं.

आठ दिवस ते दार वर गेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मीही दोन शब्द बोलले असते, माझं निभावून गेलं असतं. त्या बंद दाराला काय बोलणार? मे महिना सात महिन्यांवर होता आणि एका माणसाची उरलेली नजर मी ब्लेडने खरवडून टाकली होती. पोळी तव्यावर करपायची आणि मला वासही यायचा नाही.

नवव्या दिवशी बेल वाजली. काका उभे होते, हातात कागदात गुंडाळलेलं माझं अर्धं ब्लेड. “हे तुमचं राहिलं होतं,” म्हणाले. मी घेतलं. ते गेले नाहीत. “माझ्या प्रत्येक हत्यारावर लाल ठिपका आहे. कानशीवर, पकडीवर, लेथवर. कडेने बघितलं की दिसतो. कशासाठी तो?”

मी त्यांना आत बोलावलं, चहा केला आणि नवमीचं सांगितलं. वडिलांचा कारखाना, झेंडूची माळ, मायक्रोमीटर. त्या दिवशी हत्यारांना राबवायचं नाही, त्यांचे आभार मानायचे. काका कप हातात धरून बसले होते.

“तीस वर्षं टूलरूममध्ये होतो,” ते म्हणाले. “शनिवारी आम्ही हत्यारं पुसायचो. फक्त पुसायचो.” मग कप खाली ठेवला. “उद्या या. खिळे तुम्हालाच घालावे लागतील. मला आता ते जमणार नाही.”

हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते. त्याआधी कधी म्हणायचे उजेड कमी आहे, कधी म्हणायचे चष्मा जुना आहे. मला वाटलं होतं ते माफ करायला आले आहेत. त्याहून अवघड काम घेऊन आले होते ते.

त्या हिवाळ्यात मी खिळे घातले. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटर, माझ्या हातात गोंद भरलेलं शाईचं पेन. रेघा ओढणारा हात टिपूस टाकायला शिकत नव्हता. माझे खिळे त्यांच्यापेक्षा जरासे मोठे व्हायचे. काका बोट फिरवून तपासायचे. “हे माझे,” म्हणायचे, “आणि हे भारतीय.” दोनदा त्यांनी मला अख्खी ओळ पुसून पुन्हा करायला लावली, आणि मी तणतणत का होईना, केली. मग दोऱ्या, डोलकाठ्या, तोफा, धडक मारायचं ते नाक, हे सगळं त्यांनी सांगायचं आणि मी करायचं असं झालं. मार्चमध्ये कधीतरी त्यांनी भिंग उचलून खणात ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी म्हैस पूर्ण झाली. काकांनी खुर्ची बाकाच्या कडेला लावली, मान तिरकी केली आणि खूप वेळ तिच्याकडे बघितलं. किती दिसत होतं कोण जाणे. “चांगली दिसत होती तरुणपणी,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तो लाल ठिपका परत लावा. होता तिथेच.”

“असा कधीही लावत नाहीत,” मी म्हटलं. “नवमीलाच लावायचा. ऑक्टोबरात.”

“तुमचे नियम आमच्या नौदलापेक्षा कडक आहेत,” ते म्हणाले आणि हसले. मी हट्टाला पेटले होते. वडिलांनी एप्रिलमध्ये मशीनला कुंकू लावू दिलं नसतं. आज वाटतं, लावायला हवं होतं. त्याऐवजी मी कुंकवाची एक पुडी बांधली आणि वर त्या वर्षीच्या नवमीची तारीख लिहून दिली.

मेमध्ये ते हॉलंडला गेले आणि तिथून परस्पर मुलीकडे ग्रँड रॅपिड्सला राहायला गेले. घर विकायला काढलं. त्यांच्या मुलीने एक फोटो पाठवला: टेबलावर म्हैस, भोवती चार म्हातारे, चौघांचेही हात तिच्यावर. तिने लिहिलं होतं की संग्रहालयाने मॉडेल मागितलं, पण बाबांनी दिलं नाही. म्हणाले, अजून एक काम राहिलंय. मी फोटो फ्रीजवर लावला. उन्हाळ्यात दोनदा फोन केला, तेव्हा मुलगी म्हणाली, हल्ली ते फोनवर फारसे येत नाहीत. समोरचं सगळं गेलंय. तिसऱ्यांदा फोन करायचा मला धीर झाला नाही. शेजारी नवे लोक आले. त्यांनी गॅरेजमध्ये दोन गाड्या ठेवल्या. मी कॅडच्या कोर्सला नाव घातलं.

खंडेनवमीला सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी पेनं मांडली होती. झेंडू विकतचे. काकांना आज तरी फोन करावा की नाही असं माझं चाललं होतं, तेवढ्यात फोनच वाजला.

“आज ना?” काकांचा आवाज. बारीक झाला होता, पण त्यांचाच.

“आज,” मी म्हटलं.

“मुलीने तारीख वाचून दाखवली. पुडी उघडली आहे, पाणी घेतलं आहे. कुठल्या बोटाने लावायचं?”

“करंगळीच्या शेजारच्या.”

पलीकडून बारीकसा आवाज आला, लाकूड लाकडावर घासल्याचा. ते बुरूज हाताने फिरवत होते, जागा शोधत होते. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते आणि माझं कुंकवाचं बोट तसंच वर होतं.

“सापडले,” ते म्हणाले. “तुमचे खिळे जरा मोठे आहेत.”